रविवारी सकाळी साडेसात वाजता

सॅन होजे, सप्टेंबरअखेर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीला मी येणार नाही असे फोनवर सांगितले तेव्हा आई नुसते "बरं" म्हणाली आणि बाबांनी इकडच्या हवामानाची चौकशी केली. आपल्या घरात रुसण्याची रीत हीच असल्यामुळे सविस्तर लिहिणे भाग आहे. कामाची मुदत जानेवारीअखेरपर्यंत वाढवण्यास मी होकार कळवला असून तिकीटही बदलून घेतले आहे. मध्येच आठवडाभर येऊन जाता आले असते हे खरे. पण नव्या यंत्रणेची चाचणी नेमकी त्याच पंधरवड्यात आहे, विमानाचे भाडे परवडण्यापलीकडे गेले आहे, आणि दादा-वहिनी मुलांना घेऊन वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत बडोद्याला दांडिया बाजारातच राहणार आहेत, म्हणजे घर सुने राहणार नाही. कारणे जरा जास्तच झाली हे माझ्याही लक्षात येते आहे, पण त्यांतले एकही खोटे नाही.

माझ्या जेवणाखाण्याची काळजी करू नये. तूरडाळ, पोहे, गूळ, हिंग असे सारे येथे चालत जाण्याच्या अंतरावर मिळते, आईचे मेतकूट अजून अर्धी बरणी शिल्लक आहे, आणि लिलो चेवडो मी रोज मूठभरच खाते. खोली उबदार आहे. अंथरुणाला खिळावे असे काहीही झालेले नाही. परवाचा आवाज सर्दीचा होता.

आता माझ्या हौशी रेडिओच्या सेटविषयी, कारण आईच्या मनात खरी भीती त्याचीच आहे. परक्या मुलखात वायरलेस घेऊन बसलेली मुलगी पाहून पोलीस काय समजतील, हा तिचा प्रश्न अगदीच अनाठायी नाही. पुष्कळ देशांत वेगळी परवानगी काढल्यावाचून सेट सुरू करणे हा गुन्हाच ठरतो. युरोपातील बरेचसे देश एकमेकांचे परवाने सेप्ट या युरोपीय टपाल-दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार मान्य करतात, पण भारत त्या व्यवस्थेत नाही, म्हणून वाटेत विमान बदलताना मी सेट पेटीबाहेरही काढला नाही. अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात हौशी रेडिओबाबत परस्पर मान्यतेचा करार आहे, त्यामुळे ज्याचे नागरिकत्व आणि परवाना दोन्ही भारताचे आहेत त्याला येथे अर्ज करावा लागत नाही. परवान्याची प्रत आणि पासपोर्ट जवळ असला म्हणजे झाले. मी माझ्या व्हीयू टू कॉलसाइनच्या, म्हणजे परवान्यावरच्या भारतीय ओळखनावाच्या, आधी डब्ल्यू सिक्स स्ट्रोक ही कॅलिफोर्नियाची खूण लावते, आणि प्रत्येक संभाषणात निदान एकदा गाव व राज्य सांगते, तसा नियमच आहे. म्हणजे आई, मी लपूनछपून काही करत नसून दर वेळी आपला पत्ता साऱ्या जगाला ओरडून सांगत असते. निघताना मुंबईच्या विमानतळावर कस्टमकडून सेटची नोंद करून घेतली आहे, म्हणजे परतताना त्यावर कर मागितला जाणार नाही.

माझ्या इमारतीत बाहेर तार बांधण्यास मनाई आहे. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी ऑफिसमधल्या एका मराठी कुटुंबाच्या मागच्या अंगणात बसते. तेथे लिंबाच्या झाडापासून कुंपणापर्यंत दहा मीटरची तार ताणली आहे, दिवा आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू मधूनमधून डोकावत असतात. वरणभात खाल्ल्याशिवाय त्या मला सोडत नाहीत. तेव्हा टेकडीवर अंधारात एकटी बसलेली लेक हे चित्र कृपा करून डोळ्यांसमोरून काढून टाकावे.

एक गोष्ट मात्र आईला सांगताना जड जाते आहे. आई, तुला माइक हातात घेऊन माझ्याशी बोलता येणार नाही. विनापरवाना व्यक्तीचे बोलणे किंवा निरोप परदेशी केंद्राशी नेण्यास अमेरिकेचे नियम त्या देशाशी स्वतंत्र करार असेल तरच मुभा देतात, आणि भारताशी तसा करार नाही. बाबा आणि मी दोघेही परवानाधारक, म्हणून आमच्यात सेटविषयी आणि किरकोळ घरगुती बोलणे चालते. तू शेजारी बसून ऐकायला कोणाचीच हरकत नाही, आणि सेट बंद झाल्याबरोबर मी तुला फोन करीनच. त्या फोनवर बाबांनी मध्ये बोलायचे नाही. 2001 च्या जानेवारीत भूकंपाने भूजचे फोन बंद पडले तेव्हा रात्रभर बसून निरोपांची वही तूच लिहिली होतीस, हे मी विसरलेले नाही. आता परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड या खालच्या दर्जाच्या परीक्षेला मोर्स लागत नाही. माझ्या कपाटात पुस्तक आहे. अधिक काही म्हणत नाही.

बाबा, वेळ तुमची सकाळी साडेसातची, रविवारची. माझ्याकडे तेव्हा शनिवारचे संध्याकाळचे सात असतील आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येथील घड्याळे मागे गेली की सहा. तुमचे साडेसात बदलणार नाहीत, आणि लॉगमध्ये, म्हणजे संभाषणांच्या वहीत, दोघांचीही नोंद रविवारी दोन वाजता, यूटीसीची म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. तुमच्याकडे सूर्य नुकताच वर आलेला आणि माझ्याकडे मावळतीची वेळ, म्हणून वीस मीटरच्या लहरपट्ट्यावर हीच वेळ धरली आहे. अंतर सुमारे 13 हजार किलोमीटर आहे आणि वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. आपला डायपोल, म्हणजे अँटेनाची तार, पूर्व-पश्चिम आहे आणि तिचा जोर काटकोनात असतो, त्यामुळे त्याचे तोंड योग्य दिशेलाच आहे. सवयीने 14.120 मेगाहर्ट्झवर आवाज देऊ नका. मला ऐकू येईल, पण येथे 14.150 च्या खाली आवाजात बोलता येत नाही. माझ्याकडे दहाच वॅट आहेत, तेव्हा आधी 14.050 च्या आसपास मोर्सनेच भेटू. सौर वादळ असले की ध्रुवावरची वाट बंद पडते. तशा वेळी सेटवर काही ऐकू आले नाही तर मला काही झाले असे समजून दादाला फोन लावू नका.

लहानपणी ताप आला की आई कपाळावरची पट्टी बदलायची आणि बाबा माझ्या तळहातावर बोटाने आखूड-लांब दाबून अक्षर ओळखायला लावायचे. एक अक्षर चुकले की आणखी एक घोट काढा प्यायचा, हा करार होता. मी चुकू नये म्हणून तुम्ही फार सावकाश दाबत होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आता मीही तितक्याच सावकाश पाठवीन.

त्यासाठी कानाचे यंत्र लावावे लागेल, बाबा. ते कपाटात ठेवण्यासाठी घेतलेले नाही. उंच सूर तुम्हाला ऐकू येत नाहीत हे डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून रिसीव्हरचा सूर 500 हर्ट्झच्या जवळ आणून ठेवा. पट्टी आणखी वर नेऊ नका. आई, रविवारी सकाळी तेवढा अर्धा तास देवघरातली रंग बदलणारी माळ बंद ठेव, कारण तिच्या अडॅप्टरची घरघर थेट वीस मीटरवर येते आणि बाबांना वाटते की अँटेना बिघडली. मग ते गच्चीवर जातात. ते आता पूर्णपणे बंद. कप्पीची दोरी सोडायची असो की कठड्यावरचा खिळा बघायचा असो, खालच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारायची. त्याला मी सारे समजावून दिले आहे आणि तो आनंदाने करील. उत्तरायणाच्या दोन दिवस आधीच त्याच्याकडून तार उतरवून घ्या. मागच्या खेपेला मांज्याच्या गुंत्यात तारेचे आणि तुमच्या खांद्याचे काय झाले ते पुन्हा लिहीत नाही. त्या आठवड्यात रेडिओ नसेल, फोनच करू. गुडघ्यासाठी सांगितलेले व्यायाम आईने सकाळचा चहा होण्याआधी करावेत, नंतर ते राहून जातात हे मला ठाऊक आहे.

दोघांचेही रक्तदाबाचे आकडे दर रविवारी एका कागदावर लिहून सेटजवळ ठेवा. मला ते सिग्नल रिपोर्टच्या, म्हणजे ऐकू किती नीट येते हे सांगण्याच्या, आधी हवे आहेत, आणि गोळी चुकली असेल तर तेही सांगायचे.

तुमची,
धाकटी