केस्टनर यांचा ‘एमिल’ आमच्या वाचनपेटीत हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २३ फेब्रुवारीला जर्मन उपहासकार आणि बालसाहित्यिक एरिश केस्टनर यांची जयंती आहे आणि त्यानंतर चारच दिवसांनी मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या दिवशी शाळाशाळांतून ग्रंथदिंडी निघते, पुस्तके मांडली जातात. त्या पुस्तकांत केस्टनर मराठीतून असावेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

१८९९ साली ड्रेस्डेन येथे जन्मलेल्या केस्टनर यांचे वडील खोगिरे करणारे कारागीर होते. तो धंदा बसल्यावर ते पेट्यांच्या कारखान्यात कामाला लागले आणि आईने संसार सांभाळून केशभूषेचे काम शिकून घेतले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ या कादंबरीतील एमिलची आईही हेच काम करते. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले १४० मार्क ती आजीकडे निघालेल्या मुलाजवळ देते, तो ते कोटाच्या आतल्या खिशात टाचणीने टोचून ठेवतो, आणि तरीही रेल्वेत डोळा लागताच ते चोरीला जातात. बर्लिनमधील अनोळखी पोरे एकजुटीने चोराचा माग काढतात; अखेर नोटांना पडलेली टाचणीची भोकेच पुरावा ठरतात.

नोकरीत असताना शनिवारच्या अर्ध्या शाळेत मी ही गोष्ट सांगत असे. कापसाचा चुकारा हाती येईपर्यंत घरात काय काय अडते, हे पाहिलेल्या मुलांना १४० मार्कांचे मोल समजावून सांगावे लागत नसे. चौथीतील एक मुलगी म्हणाली होती, “गुरुजी, माही माय बी पैसे पदराच्या गाठीत बांधते.”

मोठ्यांसाठी लिहिताना हीच लेखणी कठोर होई. पहिल्या महायुद्धात कोवळ्या वयात सक्तीने लष्करात गेलेल्या या कवीने, लिंबे फुलणाऱ्या देशाविषयीच्या जर्मन महाकवी गटेच्या प्रसिद्ध कवितेचे विडंबन करून, तोफा फुलणाऱ्या देशाचे चित्र रंगवले. १० मे १९३३ रोजी नाझींनी बर्लिनमध्ये त्यांची पुस्तके जाळली, तेव्हा ते स्वतः त्या गर्दीत उभे होते. ‘एमिल’ मात्र इतका लोकप्रिय होता की त्याला आगीतून वगळावे लागले. पुढे लेखनबंदी आली, तरी त्यांनी देश सोडला नाही. १९६० साली त्यांना बालसाहित्यासाठीचा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. ‘दो कलियाँ’ या हिंदी चित्रपटातील जुळ्या बहिणींची कथाही मुळात त्यांच्याच १९४९ च्या कादंबरीतून, दोन-तीन भाषांत फिरून, आपल्याकडे आली.

मराठी प्रकाशकांनी आणि शिक्षण विभागाने ठसठशीत अक्षरांतील, स्वस्त मराठी आवृत्ती खेड्यातील शाळांपर्यंत पोहोचवावी, ही कळकळीची विनंती. त्या मुलीने तेव्हा हे पुस्तक वाचायला मागितले होते. माझ्याजवळ इंग्रजी प्रत तेवढी होती, ती तिच्या उपयोगाची नव्हती. आज तिचा मुलगा त्याच शाळेत तिसरीत शिकतो आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ