कंदील पाठवतेय, पण उशाशी नको

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा आई फोनवर म्हणाली, "लाइट गेली होती, पण मेणबत्ती होती ना." बाबा मागून काहीच बोलले नाहीत, तेव्हाच मला शंका आली. काल काकूने सांगितलं. बाबांनी माळ्यावरचा कंदील उतरवला, रॉकेल नाही म्हणून त्यात गोडेतेल ओतलं, आणि तो पाच मिनिटांत विझला!

बाबा, समईत तेल वातीच्या तोंडाशी असतं म्हणून ती तेवते. कंदिलात टाकी खाली आणि वातीचं टोक चार बोटं वर. घट्ट तेल तेवढं चढत नाही, मग वातच जळते. ती वात आता टाकून द्या.

शनिवारी दादा गाडी घेऊन येतोय. त्याच्याबरोबर दोन नवे कंदील आणि रॉकेलचा डबा पाठवतेय. दोन्ही कंदील मिळून सातशेच्या आत आले. आजोबांच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची सर त्यांना नाही, हे आधीच कबूल करते. पत्रा पातळ आहे. म्हणून मी दोन्हींत रॉकेल भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवले. सकाळी एकाखाली डाग दिसला, तो बदलून आणला.

वात नवी आहे, रॉकेल भरल्यावर अर्धा तास भिजू द्या. कात्रीने सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उडवा, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच काळी होते. (तिन्हीसांजेला राखेने काच घासायचं काम माझं होतं, त्यामुळे या बाबतीत मला अधिकार आहे.) पेटवल्यावर ज्योत लहानच ठेवा, काच तापली की मग वाढवा. पाव लिटरमध्ये रात्र निघते. पुन्हा भरायचा तो विझवून, गार झाल्यावरच. आणि रॉकेल संपलं तर "थोडं पेट्रोल घालू" ही वाडीतली अक्कल नको, भडका उडतो.

आता खरं सांगायचं ते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला धडकलं, त्यानंतर किती रात्री तुम्ही अंधारात काढल्यात. त्या दिवसांत कंदील बारीक करून उशाशी ठेवून झोपायचात, असं आईने नंतर हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. तेव्हा अर्धी कौलं उडालेली, वारा आरपार जात होता. आता वर पत्रा आहे आणि पावसात तुम्ही खिडक्या घट्ट लावून घेता. बंद खोलीत जळत्या कंदिलाने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो. त्याला ना रंग ना वास, झोपेत कळतही नाही.

म्हणून कंदील पडवीत आणि स्वयंपाकघरात, तेही खिडकी उघडी ठेवून. झोपताना विझवायचाच. उशाशी बॅटरी ठेवा, सेल वेगळ्या पिशवीत दिलेत. आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्री चाचपडत मोरीकडे जाऊ नकोस, बॅटरी घेऊनच ऊठ. बाबा "मला दिसतं" म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस.

प्रभाकरची जुनी काच माळ्यावर अजून शाबूत आहे का गं? नव्या कंदिलाला बसते का बघ आणि मला फोन कर. बसली तर इथून जास्तीची काच आणत नाही.

तुमची,
सुमी