लेबल शेवटी बघ

मिरज

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला आणि रात्री डोळा लागला नाही. बर्लिनमध्ये तुझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दमास्कसच्या आजोबांना त्यांच्या वडिलांचा ऊद (अरबी तंतुवाद्य) विकायचाय, आत ‘नह्हात’ असं लेबल आहे, आणि तू विचारतेस, “बाबा, खरा असेल का?” हे फोनवर चार वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी नावाचं सांगतो. अरबीत नह्हात म्हणजे कोरणारा. दमास्कसमधलं हे ख्रिस्ती घराणं. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून २० व्या शतकाच्या मध्यापर्यंत या एका घरातल्या भावांनी आणि त्यांच्या मुलांनी ऊद घडवले. अब्दो, रूफान, अंतून, हन्ना, तौफीक अशी बरीच नावं आहेत आणि प्रत्येकाचा हात निराळा. आपल्याकडे मिरजेत वाद्यं घडवणारी सतारमेकरांची बरीच घरं आहेत, म्हणून कुणी “सतारमेकरांचा तंबोरा आहे” म्हणालं की आपण लगेच विचारतो, कोणत्या सतारमेकरांचा? तसंच हे. नुसतं ‘नह्हात’ म्हणजे अर्धंच उत्तर झालं. पूर्ण नाव, गाव आणि साल काय लिहिलंय ते नीट वाचून घे. कधी कधी नाव जाळीतही कोरलेलं असतं, मोठ्या भोकावरच्या.

पण लेबल शेवटी बघ. हे मी पैसे मोजून शिकलोय. १९९८ साली शारजात दोन महिन्यांचा पगार देऊन मी एका दुकानातून ऊद आणला होता. आत पिवळा पडलेला कागद, त्यावर दमास्कस आणि १९२१ साल. तुझी आई म्हणाली होती, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. मी ऐकलं नाही. उन्हाळ्यात एसीच्या कोरड्या हवेत त्या कागदाचा एक कोपरा सुटला आणि शुक्रवारी सकाळी अख्खं लेबल आत गळून पडलं. मी टॉर्च लावून पाहिलं, तर त्याच्याखालचं लाकूड आजूबाजूच्या लाकडाइतकंच काळपट! कागद खरंच सत्तर वर्षं चिकटलेला असता, तर त्याच्याखाली फिकट चौकोन राहिला असता, भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर राहतो तसा. मी किती तरी वेळ तिथेच बसून होतो. नंतर ज्या सीरियन कारागिराकडे तो नेला, त्याच्याचकडे पुढची नऊ वर्षं दर शुक्रवारी जाऊन बसलो. आज जे कळतं ते त्याच्यामुळे.

तर दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि एक बारीक टॉर्च घेऊन जा. आजोबांची परवानगी घे, तारा सैल कर आणि आत बघ. मागचा भोपळा (ऊदाचा भोपळा नसतो, पण मला दुसरा शब्द सुचत नाही) लाकडाच्या पातळ, वाकवलेल्या पट्ट्या जोडून केलेला असतो. बऱ्याच वेळा अक्रोडाचा. आतून सांध्यांवर कागदाच्या पट्ट्या डकवलेल्या दिसतील. त्या सगळ्या एका वयाच्या वाटतात का? तबलीच्या, म्हणजे वरच्या पातळ लाकडी फळीच्या, खाली आडव्या पट्ट्या असतात. त्यातली एखादी पांढरीफटक असेल तर ती नंतर बदललेली आहे. त्याने घाबरू नकोस. शंभर वर्षांत तबली कधी तरी उघडावी लागतेच, आणि जुनं सरस (हाडा-कातड्यांचा गोंद) ऊब आणि ओल दिली की सुटतं, त्यामुळे जाणत्या हाताला ती काही न मोडता उघडता येते.

मग बाहेरून. तबली स्प्रूसची असते आणि अरबी ऊदाच्या तबलीला परंपरेने पॉलिश करत नाहीत. म्हणजे घाम, बोटं, धूळ सगळं थेट लाकडात मुरतं. रीशा, म्हणजे ऊदाची नखी (अरबीत मूळ अर्थ पीस), जिथे घासते तिथे बघ. जर जुनी तबली एकसारखी गोरी, गुळगुळीत दिसली, तर कुणी तरी ती पॉलिशपेपरने घासलीय. ती जेमतेम दोन मिलिमीटरची असते गं. त्यातलं अर्धा मिलिमीटर गेलं तर आवाजच गेला. मला खोट्या लेबलापेक्षा या घासण्याचा राग जास्त येतो.

मेरूपासून (दांडीच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी) घोडीपर्यंत (तबलीवरची तारा बांधलेली पट्टी) तार मोजून मला कळव. अरबी ऊदात ती साधारण ६० ते ६२ सेंटीमीटर भरते, तुर्की ऊदात ५८.५ च्या आसपास. दमास्कसचं नाव आणि लांबी तुर्की, असं निघालं तर दहा प्रश्न विचारावे लागतील. इस्तंबूलला मनोल नावाचा थोर ग्रीक कारागीर होऊन गेला, १८४५ ते १९१५. त्याच्या नावाचे खोटे कागद चिकटवून किती वाद्यं खपवली असतील, देव जाणे.

एक कायद्याचं. जाळी किंवा मेरू पांढरा असेल तर भिंगातून बघ. बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या दिसल्या तर हाड, काही काळजी नाही. कापलेल्या कडेवर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. मग तिथे कागदपत्रांशिवाय व्यवहार करू नकोस आणि भारतात आणायचं तर मनातही आणू नकोस.

आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथे पेढे वाटले होते. ऊद घडवायची आणि वाजवायची कला सीरिया आणि इराणच्या नावाने २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तेव्हा मी एकटाच घरात पेढा खाल्ला. त्याच सुमारास ते घडवणारे आणि वाजवणारे किती जण बर्लिनसारख्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहत होते, तुझ्या वरच्या आजोबांसारखे. म्हणून घासाघीस करू नकोस. नह्हात नसला तरी तो चांगला ऊद असू शकतो, बिनलेबलाचे उत्तम ऊद मी हातात घेतले आहेत. आणि नह्हात असला, तर तू सांगशील त्यापेक्षा जास्त पैसे त्यांना मिळायला हवेत, हे त्यांना आपणच सांगायचं. मग तो आपल्याला परवडला नाही तरी चालेल.

फोटो पाठवशील ते खिडकीचा उजेड तिरपा पडेल असे काढ, म्हणजे घोडीजवळ तबली खचलीय का ते दिसेल. आणि व्यवहाराचं काही बोलण्याआधी आजोबांना म्हण, एकदा वाजवा. अकरा तारा आहेत, मऊ नायलॉनच्या लाव, ताण कमी ठेव. दांडीवर कुठे लाकूड झिजलंय ते आधी बघून ठेव आणि त्यांची बोटं तिथेच जाऊन टेकतात का ते बघ. रेकॉर्ड करून मला पाठव. आई म्हणते, तिलाही ऐकायचंय.

तुझे
बाबा