ईस्टरचा हिशेब तिथीचा, तारखेचा नव्हे

महोदय,

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की मराठवाड्याच्या पानावर ख्रिस्ती सणांच्या बातम्या येतात, हे चांगलंच आहे. पण त्यातल्या काही चुका इतक्या पाठ झाल्या आहेत की दरवर्षी जशाच्या तशा छापून येतात. ‘येशूला सुळावर दिलं’ ही त्यातली पहिली. सूळ अंगातून आरपार जातो. रोमन शिक्षेत माणसाला लाकडाला खिळून किंवा बांधून मरेपर्यंत टांगत. मराठी बायबलात शब्द आहे वधस्तंभ, बोलण्यात आपण क्रूस म्हणतो. दोन्हींतला कोणताही चालेल. सूळ नको आणि फाशी तर नकोच.

बाकीच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच. येशूच्या मृत्यूची आणि पुन्हा उठण्याची कथा भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर समोर ठेवून वाचली जाते. ती घडते चांद्र महिन्यात, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या पौर्णिमेला आणि सूर्यास्ताला बदलणाऱ्या दिवसात. घरात पंचांग असलेल्या वाचकाला खरं तर ती लवकर समजावी.

‘यंदा ईस्टर लवकर का?’ हा प्रश्नच घ्या. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यानच पडतो. आपल्या भाषेत, कधी होळीच्या पौर्णिमेमागून, बहुतेकदा हनुमान जयंतीच्या. २०२४ मध्ये होळी आणि झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, २४ मार्चला एकत्र आले आणि ईस्टर ३१ मार्चला झाला. मात्र पंचांग पाहून तारीख थेट छापू नका. चर्चची पौर्णिमा आकाशातली नसून कोष्टकातली असते, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होते. २०१९ मध्ये खरी पौर्णिमा २१ मार्चला होती, कोष्टकात ती २० लाच पडली. एका दिवसाच्या फरकानं ईस्टर महिनाभर पुढे, २१ एप्रिलला गेला. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला होती.

पौर्णिमा लक्षात ठेवली की आणखी एक चूक टळते. वधस्तंभाच्या वेळी पडलेल्या अंधाराला ‘सूर्यग्रहण’ म्हटलं जातं. सूर्यग्रहण अमावास्येशिवाय लागत नाही, हे गावातलं पोरही सांगेल. बायबलात येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. त्यांतल्या मार्कच्या शुभवर्तमानात अंधार सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत आहे, म्हणजे तीन तास. खग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकलेला राहतो तो फार तर काही मिनिटं.

हे तास घड्याळाचे समजू नयेत. ते उजाडल्यापासून मोजलेले आहेत. तिसरा तास म्हणजे सकाळचे सुमारे नऊ, सहावा म्हणजे दुपारचे बारा, नववा म्हणजे तीन. गुड फ्रायडेची तीन तासांची भक्ती ऐन उन्हात बारा ते तीन का असते, याचं उत्तर इथे आहे. तेव्हा येशूच्या वधस्तंभावरच्या ज्या सात उद्गारांवर मनन होतं, ते सातही एका शुभवर्तमानात सापडत नाहीत: लूककडे तीन, योहानाकडे तीन आणि ‘एली, एली, लमा सबक्थनी’ (माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास) हे मत्तय व मार्क यांच्याकडे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो येशू ‘तीन दिवसांनी’ उठला यातल्या शब्दात. शुक्रवारी दफन, रविवारी पहाटे कबर रिकामी. यात बहात्तर तास कुठे? ते शोधायचेच नसतात. आपल्याकडे माणूस सोमवारी गेला तर तिसरा बुधवारी करतात, गुरुवारी नाही. गेल्याचा दिवस पहिला धरतात. यहुद्यांची मोजणी अशीच. मत्तयाच्या २७ व्या अध्यायात याजक रोमन सुभेदार पिलाताला सांगतात की हा ‘तीन दिवसांनंतर’ उठेन म्हणाला होता, आणि लगेच पुढच्या ओळीत कबरेवर पहारा मागतात तो ‘तिसऱ्या दिवसापर्यंत’. बोलणाऱ्यांना दोन्ही एकच वाटत होतं.

दिवस सूर्यास्ताला बदलत असल्यानं गुरुवार रात्रीचं भोजन, गेथशेमाने बागेतली अटक, पिलातापुढची चौकशी, मृत्यू आणि दफन हे सारं यहुदी हिशेबानं एकाच दिवसात बसतं. दफनाची घाई त्यामुळेच. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागणार, मग काम बंद. येशूला मानणाऱ्या अरिमथाईकर योसेफानं देह मागून घेतला. तसाच दुसरा, निकदेम, यानं गंधरस व अगरू यांचं मिश्रण आणलं, रोमन मापानं शंभर रत्तल, आजचे साधारण तेहतीस किलो. स्त्रियांना मात्र सुगंधी द्रव्यं घेऊन रविवार उजाडेपर्यंत थांबावं लागलं. (ते भोजन वल्हांडणाचं होतं की आदल्या संध्याकाळचं, यावर पहिली तीन शुभवर्तमानं आणि योहान यांचा मेळ बसत नाही. बातमीत ‘शेवटचं भोजन’ एवढं लिहिलं तरी पुरतं.)

उपवासाचे ‘चाळीस दिवस’ राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, बोटावर मोजले तर गणित चुकतं. ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. आणि येशूच्या यरुशलेमप्रवेशाच्या आठवणीत झावळ्यांच्या रविवारी धरतात त्या झावळ्या: खजुरीचं नाव फक्त योहान घेतो, लूककडे तर फांद्याच नाहीत, नुसती अंथरलेली वस्त्रं आहेत. आपल्या ओढ्याकाठची शिंदी ही खजुरीचीच सख्खी जात; फोटोखाली ‘नारळाच्या झावळ्या’ छापण्याआधी एकदा पान पाहून घ्यावं.

राहता राहिली पुढाऱ्यांची ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ ही जाहिरात. तो मृत्यूचा दिवस आहे, कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी घंटासुद्धा वाजवत नाहीत. जाहिरात घ्यायचीच असेल तर मजकूर तोच ठेवून सणाचं नाव बदला आणि रविवारच्या अंकात लावा.

एक ख्रिस्ती वाचक,
जालना