माँ ब्लाँची परिक्रमा: किलोमीटरबरोबर चढाईही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कात्रज–सिंहगड पाठ झालेले आपल्याकडचे धावपटू हल्ली आल्प्समध्ये जाऊन माँ ब्लाँ पर्वताभोवतीची परिक्रमा स्वतःच आखून धावतात. २००३ पासून तिथे ऑगस्टअखेर भरणाऱ्या मोठ्या स्पर्धेसाठी पात्रता लागते, सोडतीत नाव निघावे लागते. वाट मात्र कुणालाही मोकळी आहे. म्हणून ‘स्पर्धा नाही मिळाली तर नुसती वाट धावू’ हा विचार सहज येतो आणि त्यात गैर काहीच नाही. पण वर्तमानपत्रांतली त्याची वर्णने ‘१७० किलोमीटर, तीन देश’ एवढ्यावर थांबतात आणि वाचणाऱ्याचा अंदाज तिथेच चुकतो. म्हणून हे पत्र.

या वाटेची एकूण चढाई सुमारे १०,००० मीटर आहे आणि तेवढाच उतार. पदयात्री ती साधारण १० ते ११ दिवसांत करतात. पहिल्यांदा जाणाऱ्या धावपटूने पाच दिवस धरावेत: फ्रान्समधल्या ले झूशपासून ले शापियू, तिथून इटलीत कुर्मायर, मग स्वित्झर्लंडमध्ये ला फूली, त्रियाँ आणि परत ले झूश. रोजचे ३० ते ४० किलोमीटर हा आकडा किरकोळ वाटतो, पण रोजची चढाई सरासरी २,००० मीटर पडते. आतकरवाडीतून सिंहगड साधारण ६०० मीटर चढावा लागतो. म्हणजे एका दिवसात तीन सिंहगडांहून जास्त, आणि हे सलग पाच दिवस. त्यात शेवटच्या दिवशी ब्रेव्हाँ शिखराच्या २,५२५ मीटरवरून ले झूशपर्यंत जवळजवळ १,५०० मीटरचा सलग उतार आहे. परिक्रमा अर्धवट सोडावी लागते ती पुष्कळदा दम लागल्यामुळे नाही, तर उताराने मांड्या निकामी झाल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि त्याचे तंतू दुखावतात. यावर उपाय उतरण्याच्या सरावाचाच. सिंहगड चढून गाडीने खाली येण्याची सवय असेल तर ती निघण्याआधी तीन महिने मोडावी.

वेळेचा हिशोब असा करावा: सगळे अंतर सपाट धरून ताशी ७ किलोमीटर, त्यात दर १०० मीटर चढाईला १० मिनिटे मिळवायची. पहिल्या दिवसाचे उदाहरण घेऊ. ले झूशहून कोल द व्होझा (‘कोल’ म्हणजे खिंड) ओलांडून, ले काँतामीनमार्गे नोत्र-दाम द ला गोर्जच्या चर्चपर्यंत सुमारे २० किलोमीटर आणि ८०० मीटर चढाई होते. सव्वाचार तास धरा. पुढे १,२१० मीटरवरून क्रोआ द्यू बोनॉमच्या सुमारे २,४८० मीटरच्या खिंडीपर्यंत तीन ते साडेतीन तास लागतात. पहाटे पाचला निघाल्यास थांबे धरून खिंडीत एकच्या सुमारास पोचता येते, सातला निघाल्यास तीन वाजतात. जुलै-ऑगस्टमध्ये आल्प्समधली वादळे बहुतेक दुपारनंतर बांधली जातात, त्यामुळे या दोन तासांना मोठी किंमत आहे.

स्पर्धेत या किमतीचा विचार आयोजक करतात. ते कट-ऑफ (ठरल्या जागी पोचण्याची शेवटची वेळ) लावतात, खिंडीवर माणसे ठेवतात, हवामान बिघडले की मार्ग बदलतात किंवा धाव थांबवतात. २०१० मध्ये वादळामुळे स्पर्धा मध्येच थांबवली गेली, २०१२ मध्ये ती कापून सुमारे १०० किलोमीटरची केली. एकट्याने जाणाऱ्याच्या बाबतीत हे काम त्याच्याकडेच येते आणि ते थकलेल्या डोक्याने होत नाही. म्हणून आपले कट-ऑफ घरीच कागदावर लिहावेत. वरच्या उदाहरणात: चर्चपाशी सकाळी दहाच्या आत न पोचल्यास खिंड ओलांडायची नाही, वाटेतल्या नाँ बोराँ किंवा ला बाल्मच्या रिफ्यूजमध्ये (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) थांबायचे. कोल द ला सेन्य आणि ग्राँ कोल फेरे या दोन्ही २,५०० मीटरवरच्या खिंडींसाठीही अशीच वेळ आणि अशीच माघारीची जागा लिहावी. इथे एक सापळा आहे. पुढच्या रिफ्यूजचे पैसे आधीच भरलेले असतात आणि ते बुडू नयेत म्हणून माणूस ढगांत शिरतो. एका रात्रीचे भाडे बुडणार असे खर्चात आधीच धरले, तर मागे फिरणे सोपे जाते.

थंडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सह्याद्रीत धावणाऱ्याला तिचा अंदाज नसतो. आपल्या पावसात चिंब भिजून तासन् तास धावता येते. तिथे दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे पायथ्याच्या शामोनी गावात १५ अंश असताना २,५०० मीटरवर पाचच्या आसपास असते, त्यात पाऊस आणि वारा. धावपटू स्वतःच्या हालचालीवर ऊब धरून असतो आणि वजन वाचवायला कपडे कमी नेतो. घोटा मुरगळला की ऊब बंद, अंगावर घामाने ओला शर्ट, आणि अर्ध्या तासात हात इतके बधिर होतात की फोनही चालवता येत नाही. म्हणून स्पर्धेतल्या सक्तीच्या सामानाची यादी सक्ती नसतानाही पाळावी: टोपी असलेले खरे जलरोधक जाकीट (१०,००० मिलिमीटर क्षमतेचे, नुसते विंडचीटर नव्हे), जलरोधक पँट, उबदार दुसरा थर, टोपी, हातमोजे, दोन हेडलॅम्प, १.४० बाय २ मीटरचे इमर्जन्सी ब्लँकेट, शिट्टी, चिकट इलॅस्टिक पट्टी, एक लिटर पाणी आणि ८०० कॅलरींचा राखीव खाऊ. उबदार थर प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवावा आणि धावताना घालू नये, तो थांबल्यावरचा आहे.

जुलैच्या पूर्वार्धापर्यंत उंच खिंडींवर बर्फ राहू शकतो आणि सकाळी तो काचेसारखा कडक असतो. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे बर्फाचे खिळे) नसतील तर जुलैच्या मध्यानंतर जावे. कोल दे फूर आणि फनेत्र दार्पेत या २,६६५ मीटरच्या पर्यायी वाटा खराब हवेत सोडून द्याव्यात. दुसरीच्या बदल्यात बोव्हिनची सोपी वाट आहे. आर्जाँतिएर गावाच्या वरच्या लोखंडी शिड्या पावसात किंवा विजांत चढू नयेत, कोल दे माँतेकडून त्या टाळता येतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच धारेवरून खाली उतरावे.

कुरणांत मेंढ्यांजवळ पांढरे राखणदार कुत्रे असतात. आपल्या धनगरी कुत्र्यांची सवय असलेल्यांनीही तिथे धावू नये. चालावे, पोल (हातातल्या काठ्या) खाली धरावेत, कळपाला लांबून वळसा घालावा.

ले काँतामीन ते कुर्मायर या सुमारे ५० किलोमीटरच्या टप्प्यात नीटसे दुकान नाही. शाकाहारी असल्यास रिफ्यूजला आरक्षणातच कळवावे. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन ठेवावा, कारण बोनॉमच्या खिंडीत वाट फुटते आणि धुक्यात चुकीची फांदी लागते. युरोपीय सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये चालते का, हेही आधी बघावे.

आता मदतीचे. आपत्कालीन क्रमांक ११२. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर करून इंग्रजी ‘वाय’चा आकार केला तर मदत हवी आहे असा अर्थ होतो. शिट्टीची खूण मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत. फ्रान्समध्ये डोंगरातली सुटका सहसा विनामूल्य असते, स्वित्झर्लंडमध्ये तिचे बिल येते. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात डोंगरातला शोध आणि हेलिकॉप्टर असेलच असे नाही. पॉलिसीत हे शब्द आणि उंचीची मर्यादा स्वतः वाचून घ्यावी. सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र) उपयोगाचा आहे, पण भारतात परवान्याशिवाय तो बाळगणे बेकायदा असल्याने इथून नेऊ नये, युरोपातच भाड्याने घ्यावा.

संपादकांना विनंती अशी, की अशा धावेचा वृत्तांत छापताना अंतराशेजारी एकूण चढाई, लागलेले दिवस, महिना आणि सोबत नेलेले सामान या चार गोष्टी चौकटीत द्याव्यात. आणि कुणी हवामान बघून खिंडीतून मागे फिरला असेल, तर तोही वृत्तांत छापावा.

आपला,
एक ट्रेल धावपटू, पुणे