पहिल्या सीझनआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

स्पीडवे म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरची मोटरसायकलची शर्यत. लीगमधल्या एका हीटला, म्हणजे एका शर्यतीला, चार फेऱ्या, म्हणजे साधारण एक मिनिट. संध्याकाळभरात चार-पाच हीट मिळाल्या तरी तू गाडीवर असतोस जेमतेम पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांबद्दल प्रशिक्षक सांगतीलच. मला उरलेल्या आठवड्याबद्दल लिहायचंय, कारण इंजिन तिथेच बिघडतं.

सगळ्यात आधी मेथॅनॉल, आपल्या गाडीचं इंधन. मॅच संपली की कितीही दमला असलास तरी त्याच रात्री टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी कर, कार्ब्युरेटर पेट्रोलने धू आणि पूर्ण निथळू दे. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं. ते आत राहिलं तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक भोक, अर्धवट बुजतं. मेथॅनॉलवर इंजिनाला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त इंधन लागतं. जेट थोडं बुजलं तरी मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, पिस्टन तापतो आणि त्याला भोक पडतं. दहा मिनिटांच्या आळसापायी अख्खं इंजिन जातं रे! हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नकोस, ते कातडीतूनही अंगात जातं आणि डोळ्यांवर बेततं. उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. टाकीजवळची हवा थरथरताना दिसली की आग आहे असंच समज, लांब हो आणि भरपूर पाणी मारायला सांग.

स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदलताना घाई करू नकोस. ट्रॅक ओला, जड असेल तर टायर माती धरतो आणि इंजिन दमतं. मागच्या स्प्रॉकेटला एक दात वाढव. ट्रॅक घासून गुळगुळीत झाला की चाक जागच्या जागी फिरतं. एक दात कमी कर. एका वेळी एकच बदल. स्प्रॉकेट आणि जेट दोन्ही बदललंस तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. प्रत्येक हीटनंतर वहीत ट्रॅक, गेट (सुरुवातीची जागा), दाते आणि निकाल लिही. किती हीट झाल्या तेही मोज, कारण इंजिन उघडायची वेळ त्यावरूनच ठरते.

क्लचच्या प्लेटा दर मॅचनंतर काढून बघ. जळून वाकलेली प्लेट क्लच सोडताना झटका देते, मग पुढचं चाक उचलतं किंवा गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या फितीला लागते.

डाव्या बुटाचा लोखंडी तळ नीट बसलाय ना, हे दर वेळी बघ. पाय नुसता टेकवायचा, त्यावर भार टाकायचा नाही. तळ खड्ड्यात अडकला तर गुडघा पिळवटतो. इंजिन बंद करणाऱ्या कट-आउटची दोरी मनगटाला बांधल्याशिवाय गाडी गेटकडे नेऊ नकोस. गाडीला ब्रेक नाही. तू पडल्यावर तिला थांबवणारी तेवढी एक दोरी आहे. समोर कुणी पडलं तर गाडी आडवी टाक. पॉईंट गेला तर जाऊ दे.

पैसे पॉईंटवर मिळतात आणि टायर, इंजिनाचं काम, डिझेल सगळं त्यातूनच निघतं. आपल्याच संघातल्या मुलाच्या मागे दुसरा आलास तर दोन पॉईंट आणि वर बोनसही मिळतो. अशा वेळी त्याला गाठायला जाऊ नकोस, मागच्याला अडव. पहिल्या वर्षी हातात फार उरणार नाही. न्यूझीलंडचा स्पीडवे रायडर आयव्हन मॉगर 1957 साली इंग्लंडमध्ये विंबल्डनच्या स्पीडवे संघाकडे आला, पण तिथे बस्तान बसलं नाही म्हणून परत गेला. 1963 मध्ये न्यूकॅसलकडून पुन्हा उतरला आणि 1968 ते 1979 या काळात सहा वेळा जगज्जेता झाला. त्याच्या गाडीची तयारी अजूनही लोक सांगतात.

व्हॅनमध्ये मेथॅनॉलचा डबा उभाच बांध, झाकण घट्ट लाव आणि खिडकी थोडी उघडी ठेव. रात्री उशीर झाला तरी फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
आई