दुसरा अंक वाचल्यावर

सातारा, रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं नाटक एका बैठकीत वाचलं. पहिला अंक घट्ट जमलाय, पण दुसऱ्यातला खटला पटला नाही, आणि ते मीच सांगायला हवं. आरोपीचा पिंजऱ्यात अचानक आवाज बदलतो, आतला 'दुसरा' बाहेर येतो, न्यायाधीश स्तब्ध, पडदा! टाळ्या पडतील. पण खरा पेच वेगळाच असतो: हा दुसरा माणूस आत होता, की फाशी समोर दिसल्यावर जन्मला? म्हणून केनेथ बियांकीची हकीकत लिहितोय.

जानेवारी १९७९. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम गाव. दोन विद्यार्थिनींचा गळा आवळून खून झाला आणि पकडला गेला सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा, एका तान्ह्या मुलाचा बाप. धागे लॉस एंजेलिसपर्यंत गेले. तिथे ऑक्टोबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ या काळात १० मुली-बायकांना मारलं होतं. सर्वांत धाकटी १२ वर्षांची.

बियांकी म्हणे, मला काही आठवत नाही. मग त्याला संमोहित केलं आणि 'स्टीव्ह' प्रकटला. शिवराळ, मग्रूर, सिगारेटचा फिल्टर तोडून ओढणारा. खून मी केले, मावसभाऊ अँजेलो बुओनो सोबत होता, केन बिचारा अजाण आहे, असं तो सांगू लागला. काही तज्ज्ञांना हे पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण नुकतंच, डिसेंबर १९७८ मध्ये, ओहायोतल्या बिली मिलिगनला बहुव्यक्तिमत्त्वाच्या आजारामुळे कोर्टाने निर्दोष ठरवलं होतं.

तेव्हा आले मार्टिन ऑर्न, संमोहनाचे जाणकार. त्यांनी आरडाओरडा केला नाही, उलटतपासणीही नाही. बोलता बोलता सहज म्हणाले, खऱ्या रुग्णात दोनच व्यक्ती असणं तसं विरळाच. थोड्याच वेळात संमोहनात तिसरा हजर: 'बिली'! नंतर त्यांनी सुचवलं, तुझा वकील समोर बसलाय. खुर्ची रिकामी होती. बियांकीने उठून त्या रिकाम्या जागेशी हस्तांदोलन केलं. खरा संमोहित माणूस सहसा इतकं करत नाही. दोस्ता, तुझ्या सगळ्या अंकाचं नाट्य या एका हस्तांदोलनात आहे!

स्टीव्हचं आडनावही पोलिसांनीच उलगडलं. वॉकर. हा चक्क एक खराखुरा विद्यार्थी होता. बियांकीने मानसशास्त्रज्ञ हवा अशी खोटी जाहिरात देऊन त्याची कागदपत्रं मिळवली होती, स्वतःची बनावट पदवी तयार करायला.

ऑक्टोबर १९७९ मध्ये सोंग संपलं. बुओनोविरुद्ध साक्ष देण्याच्या अटीवर त्याने गुन्हा कबूल केला, फाशी टळली.

इथे तुझ्या वकिलाच्या भाषणाबद्दल एक. त्याच्या तोंडी 'आरोपी आजारी आहे, म्हणून निर्दोष' असं आहे. कोर्ट तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं २२, हेच विचारतं की कृत्याच्या वेळी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे मनाच्या विकारामुळे त्याला कळणं अशक्य होतं का. हे सूत्र १८४३ च्या इंग्लंडमधल्या मॅक्‌नॉटन खटल्यातून आलंय. आजाराचं नाव पुरत नाही, त्या क्षणाचं उत्तर द्यावं लागतं. आणि एक बनावट स्टीव्ह उभा राहिला की उद्याच्या खऱ्या रुग्णाकडेही कोर्ट संशयाने पाहणार, याचा मला फार त्रास होतो.

शेवटची गोष्ट, कारण तुझ्या नाटकातला न्यायाधीश नुसता घंटा वाजवतोय. बियांकी साक्षीत इतका उलटसुलट बोलू लागला की १९८१ मध्ये सरकारी वकिलांनीच बुओनोवरचे खुनाचे आरोप मागे घ्यायची परवानगी मागितली. न्यायाधीश रोनाल्ड जॉर्ज यांनी ती नाकारली. खटला राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे गेला, दोन वर्षं चालला, जवळजवळ ४०० साक्षीदार झाले आणि बुओनो १० पैकी ९ खुनांत दोषी ठरला. त्या एका 'नाही'मुळे त्या मुलींच्या आईबापांना निकाल ऐकायला मिळाला. तुझ्या नाटकात मेलेल्या मुलीला अजून नावसुद्धा नाही. तिला नाव दे, तिच्या आईला कोर्टात बसव, आणि मग लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
वि.